मध्यावधी रिव्ह्यूला चार महिने आहेत, सुरुवात कुठून करायची

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उपनगरातलं अनुदानित कॉलेज, जोडीला सेल्फ फायनान्सचे तीन कोर्स, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून ग्रेड देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, दुसऱ्या सायकलला म्हणजे दुसऱ्या मूल्यांकन फेरीला बी डबल प्लस ग्रेड, त्याला आता अडीच वर्षं झाली. मॅनेजमेंटने ठरवलंय की पुढच्या सायकलच्या आधी बाहेरचे दोन तज्ज्ञ बोलवून मध्यावधी रिव्ह्यू करून घ्यायचा, आधीचे कोऑर्डिनेटर सर रिटायर झाले आणि आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजातला अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, तुमच्याकडे आली. कपाटभर फायली आहेत पण कुठली कशाची ते कळत नाही, एक एक्यूएआर म्हणजे नॅकला पाठवायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल भरायचा राहिलाय, आणि तुम्ही विचारलंय की आधी फायली लावू की प्रेझेंटेशन बनवू.

मी एका कॉलेजची आयक्यूएसी बारा वर्षं सांभाळली, दोन सायकल काढल्या, आणि त्यानंतर मुंबई-ठाणे-पालघरकडच्या बऱ्याच कॉलेजांत अशा रिव्ह्यूला बाहेरची म्हणून जाऊन आले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून सांगते, आत्ता फायलीपण नको आणि प्रेझेंटेशनपण नको. आधी आकडे जुळवा.

म्हणजे काय करायचं तर एक कोरी एक्सेल शीट घ्या आणि गेल्या तीन वर्षांची विद्यार्थीसंख्या लिहा. पण एकाच ठिकाणाहून उचलू नका. ऑफिसच्या जनरल रजिस्टरमधली वेगळी, विद्यापीठाला परीक्षेसाठी पाठवलेली वेगळी, आयशेला म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला भरलेली वेगळी, महाडीबीटीवर स्कॉलरशिपसाठी दाखवलेली राखीव प्रवर्गाची वेगळी आणि एक्यूएआरमध्ये गेलेली वेगळी, अशा पाच कॉलममध्ये शेजारी शेजारी. मी आजवर जिथे जिथे हे करायला सांगितलं तिथे एकाही कॉलेजात पाचही आकडे पहिल्या फटक्यात जुळले नाहीत, त्यामुळे तुमचे जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. कारणं साधी असतात, कोणीतरी अ‍ॅडमिशन रद्द केलेले धरले, कोणी धरले नाहीत, आयशेचा आकडा ठरलेल्या तारखेचा असतो आणि रजिस्टर वर्षभर बदलत राहतं, एटीकेटीवाली मुलं कुठे मोजली कुठे नाही. फरक असायला हरकत नाही, पण त्याचं कारण कागदावर लिहिलेलं पाहिजे आणि हेडक्लार्कना ते तोंडपाठ पाहिजे. कारण पुढे डीव्हीव्हीमध्ये, म्हणजे नॅककडून होणाऱ्या आकड्यांच्या पडताळणीत, हेच आकडे समोरासमोर ठेवले जातात, आणि तेव्हा हातात इतके थोडे दिवस असतात की जुनं रजिस्टर शोधेपर्यंत मुदत संपते.

मुंबईत याच्यात अजून एक भानगड असते, ती म्हणजे ज्युनिअर कॉलेज. एकच बिल्डिंग, एकच लायब्ररी, एकच जिमखाना, कधीकधी एकच ताळेबंद. मग लायब्ररीतली पुस्तकं किती म्हटलं की अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं धरून आकडा येतो, वर्गखोल्या किती म्हटलं की सगळ्या येतात, खर्च किती म्हटलं तर दोन्हीचा एकत्र. तज्ज्ञ पहिल्या तासाभरात हे पकडतात. तुमच्या अकाउंटंटना आणि लायब्रेरियन मॅडमना घेऊन बसा, डिग्रीचं काय आणि ज्युनिअरचं काय हे वेगळं करा, जे सामाईक आहे ते सामाईक म्हणून लिहा आणि वाटणी कुठल्या हिशोबाने केली ती एका पानावर टाका. खर्चाच्या आकड्यावर सीएची सही असलेलं विभाजन आत्ताच मागून घ्या, मार्चनंतर सीए लोकांना वेळ नसतो.

शिक्षकांचंही तसंच. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावरचे किती, सेल्फ फायनान्सला मॅनेजमेंटने नेमलेले किती, आणि यातल्या कितीजणांकडे विद्यापीठाचं अ‍ॅप्रूव्हल लेटर आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला फुल टाइम म्हणून मोजायचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो, कारण ते बिचारे काम पूर्णवेळ माणसाएवढंच करतात हे खरंय, पण मोजणीत ते बसत नाही आणि एकदा आकडा फुगवला की बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा समोरच्याचा विश्वास जातो. पदं रिकामी असतील तर सहसंचालक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार लावा, तुम्ही मागणी केलीत आणि परवानगी आली नाही हे त्यातून दिसतं, तेवढं पुरतं.

आता मुद्द्याचं बोलते, कारण इथेच कॉलेजं चुकतात. मध्यावधी रिव्ह्यूला कोणी ग्रेड देत नाही. पिअर टीम, म्हणजे नॅकची तपासणीला येणारी टीम, आली की जे चुकलं ते कायमचं रिपोर्टमध्ये जातं आणि पाच वर्षं तुमच्या नावाला चिकटतं, पण हे दोन तज्ज्ञ तुम्ही स्वतः बोलवलेत, त्यांनी जे शोधलं ते तुमच्याच घरात राहणार आहे. डॉक्टरकडे जाऊन दुखणं लपवून कोणी परत येत नाही ना. तरी मी बघते, कॉलेजं या दिवसासाठी भिंती रंगवतात, रांगोळी काढतात, एनसीसीचा गार्ड ऑफ ऑनर ठेवतात, आणि जिथे खरं दुखतंय ती खोली बंद ठेवतात. मग दोन वर्षांनी पिअर टीम बरोबर तीच खोली उघडायला सांगते.

आमच्याकडे हे झालंय म्हणून सांगते. पहिल्यांदा बाहेरचा माणूस बोलावून अंतर्गत तपासणी केली तेव्हा आमचे मेंटर-मेंटीचे रजिस्टर अर्धे कोरे होते. वर्षभर शिक्षक मुलांशी बोलत होते, पण लिहीत कोणी नव्हतं. आम्ही चारपाच जणींनी बसून दोन रात्रीत सगळी रजिस्टरं भरली. आलेल्या सरांनी एक रजिस्टर उघडलं, चार पानं चाळली, शाई एक, अक्षर एक, मग त्यातलं एक नाव काढून म्हणाले या मुलीला बोलवा. ती मुलगी आली आणि तिला तिची मेंटर कोण तेच माहीत नव्हतं. सर काही बोलले नाहीत, रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं, पण त्यानंतर दिवसभर आम्ही जे काही दाखवलं, जे खरोखर केलेलं होतं तेसुद्धा, ते त्यांनी त्याच नजरेने बघितलं. सगळ्यात वाईट याचं वाटलं की ज्या शिक्षिकेने त्या वर्षी तीन मुलींना कॉलेज सोडण्यापासून परत आणलं होतं तिचं काम त्या खोट्या पानांत झाकलं गेलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळला आणि तुम्हालाही कळकळीने सांगते, मागच्या तारखेचा एकही कागद बनवू नका. आयक्यूएसीची तिमाहीला किमान एक मीटिंग व्हायला हवी, सीडीसी म्हणजे कॉलेज विकास समितीची वर्षातून चार तरी व्हायला हव्यात, तुमच्याकडे त्या झाल्या नसतील तर झाल्या नाहीत असं लिहा. 'या वर्षी दोनच बैठका झाल्या, कारण अमुक, यंदापासून तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून कॅलेंडरमध्ये टाकल्या आहेत' हे एक वाक्य आणि खाली ठरवलेल्या तारखा, याच्यावर कुठलाही समजूतदार तज्ज्ञ पुढे जातो. राहिलेल्या एक्यूएआरचंही असंच, जे आहे ते भरा, आजच्या आज कामाला लागा. एक्यूएआर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत जायला हवा हे माहीतच आहे तुम्हाला, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या सायकलचा एसएसआर, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल नॅकला द्यायचा स्वयंमूल्यांकन अहवाल, हा याच पाच एक्यूएआरवर उभा राहतो, तिथे वेगळं आणि इथे वेगळं लिहिलं की निस्तरता निस्तरत नाही.

फायली लावायच्या तर कशा लावायच्या. नॅकच्या सात क्रायटेरियाच्या म्हणजे निकषांच्या सात जाड फायली करून त्यात सापडेल ते कोंबणं ही नेहमीची पद्धत आहे, माझ्या मते ती चुकीची आहे. त्यापेक्षा पाचसहा कामं निवडा आणि प्रत्येक कामाचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघा. समजा तुमचा टॅलीचा सर्टिफिकेट कोर्स आहे. तो हवा असं कोणाला वाटलं, विभागाच्या मीटिंगमध्ये की मुलांच्या फीडबॅकमध्ये. अभ्यासक्रम कोणी केला, आयक्यूएसीत मंजूर कधी झाला, नोटीस कधी लागली, तीस तासांचं वेळापत्रक कुठे आहे, हजेरी कुठे आहे, शेवटी परीक्षा घेतली का, किती मुलं पास झाली, सर्टिफिकेटच्या नंबरचं रजिस्टर आहे का, आणि सगळ्यात शेवटी त्या मुलांपैकी कोणाला त्याचा नोकरीत उपयोग झाला का. हा धागा जिथे तुटतो तिथे तुमच्या कॉलेजची खरी अडचण असते. माझा अनुभव असा की नव्वद टक्के वेळा धागा शेवटीच तुटतो, कोर्स होतो, फोटो निघतो, पुढे मुलाचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

फीडबॅकचा धागा तर नक्कीच ओढा. मी एका कॉलेजला गेले होते तिथे फीडबॅकचे गूगल फॉर्म व्यवस्थित, रंगीत पाय चार्ट, अहवाल बाइंड केलेला. मी शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मागितली, जिथे मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात. सलग तीन वर्षं मुलांनी लिहिलं होतं की कॉलेज सकाळी सातला भरतं आणि लायब्ररी साडेनऊला उघडते, आम्हाला साडेबाराला निघून कामावर जायचं असतं, पुस्तक घ्यायचं कधी. तीन वर्षं! कोणी वाचलंच नव्हतं, कारण पाय चार्टमध्ये वाक्यं येत नाहीत. त्या प्राचार्यांचं मला कौतुक वाटतं, त्यांनी त्याच आठवड्यात लायब्रेरियनशी आणि अटेंडंट काकांशी बोलून पाळी बदलली, सीडीसीत ठराव घेतला, नोटीस काढली, वेबसाइटवर टाकली. पुढच्या वर्षी लायब्ररीच्या सकाळच्या गेट रजिस्टरमध्ये मुलांच्या सह्या दिसल्या. फॉर्म, विश्लेषण, ठराव, नोटीस, रजिस्टर, असे पाच कागद, आणि खर्च जवळजवळ शून्य. नॅकला फीडबॅकवर कारवाई हवी असते म्हणतात ती हीच.

वेळ कमी आहे म्हणून कुठे जोर द्यायचा ते सांगते. संलग्न कॉलेजांच्या आपल्या ओळखीच्या मांडणीत एकूण १००० पैकी ३५० वेटेज एकट्या दुसऱ्या क्रायटेरियनला आहे, म्हणजे शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन. पहिला, चौथा, सहावा आणि सातवा प्रत्येकी १००. आणि तरी कॉलेजं सोलर पॅनल आणि रेन वॉटर हार्वेस्टिंगच्या फोटोंवर महिना घालवतात आणि सीओ-पीओ अटेनमेंटचं, म्हणजे पेपरचे आणि पूर्ण कोर्सचे ठरवलेले आउटकम मुलांनी किती गाठले ते मोजायचं, काम शेवटच्या आठवड्यात कोणा एका आयटीच्या शिक्षकावर ढकलतात. तसं करू नका. प्रत्येक विभागाने निदान एका पेपरचं अटेनमेंट स्वतःच्या हाताने काढायला हवं. तिसऱ्या वर्षाच्या कॉस्टिंगच्या पेपरला चार आउटकम लिहिलेत, तर कुठला प्रश्न कुठल्या आउटकमवर होता, मुलांना त्यात किती मार्क पडले, जिथे कमी पडले तिथे पुढच्या वर्षी शिकवण्यात काय बदललं. हे एका पेपरचं जरी शिक्षक मनापासून समजावून सांगू शकले तर तज्ज्ञ खूश होतात, आणि पन्नास पेपरचे छापील तक्ते असून शिक्षकाला एकही सांगता आला नाही तर त्या तक्त्यांचा काही उपयोग नाही.

नॅकने जानेवारी २०२४ मध्ये बायनरी पद्धत (ग्रेडऐवजी नुसतं मान्यता आहे की नाही) आणि त्यापुढच्या लेव्हल जाहीर केल्यापासून स्टाफरूममध्ये एक वाक्य फार ऐकू येतं, 'सगळं बदलणारच आहे तर आत्ता कशाला.' हे ऐकून घेऊ नका. फॉर्म बदलेल, मेट्रिकचे नंबर बदलतील, पण मुलगा किती शिकला, शिक्षक किती आहेत, पैसा कुठे गेला, हे प्रश्न कुठल्याही पद्धतीत विचारले जाणारच, आणि त्यांची उत्तरं ज्या त्या दिवशी नोंदवली नसतील तर नंतर कुठून आणणार.

आपल्या मुलांबद्दलही लिहा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईतल्या कॉलेजांचे रिपोर्ट वाचले तर वाटतं सगळी मुलं कुठल्यातरी हिरव्यागार कॅम्पसवर राहतात. प्रत्यक्षात तुमच्या वर्गात कसारा, टिटवाळा, विरारहून पहाटेची लोकल पकडून येणारी मुलं आहेत, दुपारी दुकानात, कॉल सेंटरमध्ये, डिलिव्हरीवर जाणारी आहेत, घरात शिकलेली पहिलीच पिढी असलेल्या मुली आहेत. जुलैमध्ये हजेरी का घसरते, ट्रॅकवर पाणी भरतं म्हणून की फी भरायला जास्तीची शिफ्ट घेतली म्हणून, हे तुमच्या मेंटरना माहीत असतं. एक साधा सर्व्हे करा, प्रवासाला किती वेळ, नोकरी करता का, घरी अभ्यासाला जागा आहे का. त्यावरून वेळापत्रक, रेमेडियल लेक्चर, लायब्ररीची वेळ यात काही बदललंत तर ते लिहा, संस्थेचं वेगळेपण म्हणतात ते इथेच आहे, ते शोधायला कन्सल्टंट लागत नाही. मैदान नसेल तर नाही म्हणा, पालिकेचं किंवा शेजारच्या शाळेचं वापरत असाल तर परवानगीचं पत्र आणि वापराच्या तारखा लावा.

माणसांबद्दल दोन गोष्टी. सगळं स्वतःवर घेऊ नका, सात क्रायटेरियाला सात जण नेमले जातात पण प्रत्यक्षात दोघीच रात्री नऊपर्यंत थांबतात, हे मी फार बघितलंय आणि त्यात चांगल्या शिक्षिका थकून जातात. प्राचार्यांकडून लेखी ऑर्डर काढून घ्या आणि त्या कामाच्या बदल्यात प्रत्येकाचा एखादा तरी सुपरव्हिजनचा भार कमी करून घ्या. आणि ऑफिसच्या लोकांना पहिल्या मीटिंगपासून बसवा, शेवटच्या दिवशी 'तो कागद द्या' म्हणून नाही. सगळी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे असतात, आणि कुठलं कपाट कुठल्या वर्षाचं हे शिपाई काकांना जेवढं माहीत असतं तेवढं प्राचार्यांनाही नसतं.

मुलांना पढवू नका. फक्त त्यांना खरंच माहीत असायला हवं अशा गोष्टी त्यांना माहीत आहेत ना ते बघा, तक्रार कुठे करायची, अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, स्कॉलरशिपला कोणाला भेटायचं. मी कुठेही गेले की कॅन्टीनमध्ये एकटीच जाऊन बसते आणि मुलींना हेच विचारते. समितीचा बोर्ड प्राचार्यांच्या केबिनबाहेर असतो जिथे मुली कधी जात नाहीत, तो लेडीज कॉमन रूममध्ये लावा, आणि त्यावर रिटायर झालेल्या मॅडमचं नाव नाही ना तेही बघा.

तज्ज्ञ निवडताना प्राचार्यांच्या ओळखीचे, गोड बोलून शाल घेऊन जाणारे नकोत. एक जण दुसऱ्या विद्यापीठातला असू दे, एक जण असा की ज्याने स्वतः आयक्यूएसी सांभाळलीये. आकड्यांची शीट आणि तुम्हाला स्वतःला जाणवलेल्या त्रुटींची यादी त्यांना दहा दिवस आधी पाठवा. प्रेझेंटेशन वीस मिनिटांत आटपा आणि उरलेला वेळ त्यांना विभागांत फिरू द्या. एक्झिट मीटिंगला पूर्ण स्टाफ हवा, ऑफिससह, आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घ्या, वाद घालू नका. मग आठवड्याच्या आत बसून प्रत्येक मुद्द्यापुढे नाव आणि तारीख टाका आणि पुढच्या सीडीसीत ते मंजूर करून घ्या, नाहीतर रिपोर्ट कपाटात जातो.

कपाटावरून आठवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमची तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम छातीएवढ्या पाण्यात होती, पंधरा वर्षांची रजिस्टरं लगदा झाली. तुमचं रेकॉर्ड तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी वर हलवा आणि महत्त्वाचं सगळं स्कॅन करा. कार्यक्रमांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा करू नका, त्यात मूळ फोटोतली जागा आणि तारखेची माहिती निघून जाते, मूळ फाइलच मागा, फोटो त्याच दिवशी अपलोड करायची सवय लावा. आणि हे सगळं कॉलेजच्या ईमेलच्या ड्राइव्हवर ठेवा, कोणाच्या स्वतःच्या जीमेलवर नको. तुमच्या आधीच्या सरांचं सगळं काम बहुतेक त्यांच्या वैयक्तिक अकाउंटवर असणार, बहुतेकांचं असतंच. नवीन शीट उघडायच्या आधी आज संध्याकाळी त्यांना फोन करा, घरी जाऊन भेटलात तर अजून चांगलं, ड्राइव्ह कॉलेजच्या अकाउंटवर शेअर करून घ्या आणि कपाटातल्या फायलींचे फोटो दाखवून कुठली कशाची ते विचारून तिथेच लिहून घ्या. दोन तासांचं काम आहे, तुमचा एक महिना वाचेल.